घड्याळाचा सेल कंट्रोलरला का चालत नाही?

पेनल्टी शूटआउट सुरू आहे. तुमचा गोलकीपर आता उजवीकडे झेपावणार, एवढ्यात कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकतो आणि विझतो. खेळ थांबतो. पडद्यावर पाटी येते, ‘कंट्रोलर जोडा’.

सेल उतरले! दुकानं बंद झालेली. ड्रॉवरमध्ये रबरबँड, जुनी बिलं, एक बिनझाकणाचं पेन, सगळं सापडतं, पण सेल काही सापडत नाहीत. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून पाहावेत, तर ते बारीक निघतात. मग नजर जाते भिंतीवरच्या घड्याळाकडे. एक सेल हॉलमधल्या घड्याळाचा, एक आतल्या खोलीतल्याचा. आईच्या लक्षात येण्याआधी परत लावू, असं म्हणत तुम्ही ते कंट्रोलरमध्ये घालता. दिवा लागतो! खेळ सुरू होतो, चेंडू खांबाला आदळतो, कंट्रोलर हातात थरथरतो... आणि पुन्हा विझतो.

हिरमुसून तुम्ही सेल परत घड्याळात घालता. घड्याळ टिकटिक करत चालू लागतं, जणू काही झालंच नाही.

आता सांगा, तो सेल संपला होता की नव्हता?

घड्याळाला विचाराल तर ‘नव्हता’. कंट्रोलरला विचाराल तर ‘संपला होता’. दोघंही खरं बोलतात.

भिंतीवरच्या घड्याळाचं काम अगदी हलकं असतं. सेकंदाला एकदा काट्याला बारीकसा धक्का द्यायचा, की पुढचा सेकंद येईपर्यंत जवळजवळ आराम. सरासरी काढली तर त्याला साधारण एका मिलिअँपिअरचा दहावा भाग करंट पुरतो. म्हणून एकच स्वस्तातला सेल वर्षभर चालतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचा हिशेब करून बघा. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात, म्हणजे पाकिटावर ‘एए’ लिहिलेले. त्यावर तो 40 तासांपर्यंत चालतो, असं बनवणारी कंपनी सांगते. चांगल्या सेलची क्षमता सुमारे 2500 मिलिअँपिअर-तास धरली आणि तिला 40 ने भागलं, की उत्तर येतं 60 मिलिअँपिअरच्या आसपास. घड्याळाच्या सहाशे पट! आणि ही नुसती सरासरी झाली. या कंट्रोलरमध्ये चार इवल्याशा मोटरी असतात, दोन मुठींमध्ये आणि दोन ट्रिगरपाशी. मुठींतल्या मोटरींच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन बसवलेलं असतं. मोटर फिरली की ते वजन गरगरतं आणि तुमचा हात थरथरतो. त्या क्षणी करंटची मागणी एकदम उसळी मारते.

प्रत्येक सेलच्या आत करंटला थोडा अडथळा असतोच. शास्त्रज्ञ त्याला अंतर्गत रोध म्हणतात. सेल जसजसा वापरला जातो तसतसा हा रोध वाढत जातो. टाकीत पाणी शिल्लक आहे पण नळ चोंदलाय, तसं समजा. थेंब थेंब पाण्यावर भागणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, पण बादली भरायला बसलेल्याची पंचाईत होते. मोटरीने जास्त करंट ओढला की अशा सेलचं व्होल्टेज धपकन खाली येतं आणि कंट्रोलर झोपी जातो.

आपल्याकडे घड्याळात बहुतेक वेळा घातला जातो तो जस्त-कार्बन सेल, म्हणजे पाठ्यपुस्तकातला कोरडा विद्युत घट. जस्ताचं डबडं, मधोमध कार्बनची कांडी. तो स्वस्त असतो आणि घड्याळासाठी छानच आहे. मोटर मात्र त्याला झेपत नाही. हे खेळण्यांच्या बाबतीत पूर्वीच लक्षात आलं होतं, आणि ते ज्यांनी सुधारलं त्या लुईस उरी यांची गोष्ट मला फार आवडते.

उरी होते कॅनडाचे. 1950 च्या दशकात ते अमेरिकेत एव्हरेडी कंपनीत सेलवर काम करत होते. त्यांनी सेलच्या आतलं द्रावण बदलून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे अल्क घेतलं आणि जस्ताच्या पत्र्याऐवजी जस्ताची पूड वापरली. पूड केली की पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि रासायनिक क्रिया एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी होऊ शकते. सेल तर तयार झाला, पण साहेबांना पटवायचं कसं? उरींनी दुकानातून खेळण्यातल्या दोन गाड्या आणल्या. एकीत जुना सेल, दुसरीत आपला नवा. कंपनीच्या कँटीनमध्ये जमिनीवर दोन्ही सोडून दिल्या. जुन्या सेलची गाडी थोडं अंतर जाऊन थांबली. नवी मात्र कँटीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली! 1959 मध्ये हे सेल बाजारात आले. आज पाकिटावर ‘अल्कलाइन’ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. कंट्रोलरसाठी विकतचे सेल आणायचेच असतील तर निदान हे आणा.

या जस्ताच्या पुडीमुळे तुम्हाला एक झकास प्रयोगही करता येतो. एक कोरा अल्कलाइन एए सेल घ्या आणि एक वापरून संपलेला. दोन्ही उभे धरून, जेमतेम 10 सेंटिमीटर उंचीवरून, सपाट बुडावर पडतील असे फरशीवर सोडा. कोरा सेल थप्प आवाज करून तिथेच बसतो. संपलेला टुणकन उडतो! कोऱ्या सेलमध्ये जस्ताची पूड दाट लिबलिबीत जेलमध्ये पसरलेली असते, ती धक्का पिऊन टाकते. सेल वापरला जातो तसं जस्ताचं झिंक ऑक्साइड होतं, त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि आतला गर ताठ होतो. म्हणून तो उसळतो. पण उडाला म्हणजे पार संपला असं समजू नका. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये हे मोजून पाहिलं, तेव्हा सेल साधारण अर्धा वापरला गेला तेव्हाच पुरेपूर उडू लागतो असं दिसलं. थोडक्यात, उडणारा सेल ‘मी कोरा नाही’ एवढंच सांगतो. कंट्रोलरने नाकारलेला असा सेल घड्याळात घालून पाहा, पुढे कितीतरी महिने चालेल. मात्र त्याच्या टोकाशी पांढरी पूड दिसली तर बोट लावू नका. ते आतून झिरपलेलं अल्क असतं. आणि हा उड्यांचा खेळ फक्त अल्कलाइन सेलशीच खेळा. लिथियमची बॅटरी कधीही मुद्दाम आपटायची नाही.

आता थोडा हिशेब. रोज एक तास खेळलात (एकच हं!) तर 40 तासांची एक जोडी 40 दिवस पुरते. वर्षाला नऊ जोड्या, म्हणजे अठरा सेल, आणि सगळे कचऱ्यात. इथे कामाला येतो पुन्हा चार्ज होणारा सेल. दिसायला तो हुबेहूब एए, पण आत असतं निकेल-मेटल हायड्राइड. यातली करामत मला आजही थक्क करते, कारण याच्या आतला मिश्रधातू हायड्रोजन पिऊन घेतो! चार्ज करताना हायड्रोजन धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतो आणि वापरताना बाहेर येतो. असं शेकडो वेळा चालतं.

या सेलवर 1.5 नाही तर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं. ते वाचून पुष्कळ जण नाक मुरडतात. पण अल्कलाइनचे 1.5 व्होल्ट फक्त सुरुवातीलाच असतात, मग ते उतरतच जातात. हा पठ्ठ्या मात्र जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो आणि मोटरीने जोर मागितला तरी कच खात नाही. एक खोड आहे. कंट्रोलरला अल्कलाइनची सवय असेल तर पडद्यावरचं बॅटरीचं चित्र गोंधळतं. बराच वेळ ‘अर्धी आहे’ म्हणतं आणि मग अचानक ‘संपली’. पूर्वी आणखी एक तक्रार असायची, की हे सेल नुसते पडून राहिले तरी रिकामे होतात. 2005 मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले. ते महिनोन् महिने कपाटात राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. तेव्हापासून ही तक्रार उरली नाही.

आणि प्लेस्टेशनवाले? त्यांना सेलची भानगडच नाही. कंट्रोलरच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी असते, केबल लावली की चार्ज. ही बॅटरी पहिल्यांदा विकायला आणली तीही सोनीनेच, 1991 मध्ये. तिच्यामागे खटपट होती तिघांची : स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो. 2019 मध्ये तिघांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ आजोबा 97 वर्षांचे होते! योशिनो प्राथमिक शाळेत असताना शिक्षकांनी त्यांना मायकेल फॅरडे यांचं मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक वाचायला सुचवलं होतं. रसायनशास्त्राची गोडी तिथून लागली, असं ते सांगतात.

लिथियम हा सगळ्यात हलका धातू. त्याच्या एका सेलचं व्होल्टेज साधारण 3.6 ते 3.7 असतं. इथेच एक चकवा आहे, दुकानात भलेभले फसतात. प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची बॅटरी 1560 मिलिअँपिअर-तासांची आहे. चार्जेबल एए सेलवर लिहिलेलं असतं 2000. मग एए मोठा? थांबा, व्होल्टने गुणा. 1560 गुणिले 3.65 म्हणजे सुमारे 5.7 वॅट-तास. 2000 गुणिले 1.2 म्हणजे 2.4, आणि सेल दोन, म्हणून 4.8. जिंकलं लिथियम, तेही कमी वजनात.

पण मोठी बॅटरी म्हणजे जास्त वेळ खेळ, असंही नसतं. निन्टेंडो स्विचच्या प्रो कंट्रोलरची बॅटरी ड्युअलसेन्सपेक्षा लहान, 1300 मिलिअँपिअर-तासांची. तरी कंपनी सांगते ती चालते सुमारे 40 तास. ड्युअलसेन्स मात्र रंगात आलेल्या खेळात सहा ते बारा तासांत चार्जर मागतो. कारण त्याच्या अंगावर स्पीकर आहे, माईक आहे, दिव्याची पट्टी आहे, आणि धनुष्याची दोरी ताणल्यासारखा ट्रिगर जड करणाऱ्या मोटरीही आहेत. मौज हवी तर वीज मोजावी लागणारच. 2002 मध्ये निन्टेंडोने वेव्हबर्ड हा बिनतारी कंट्रोलर आणला, तेव्हा त्यांनी थरथरणंच काढून टाकलं होतं. दोन एए सेलवर तो शंभर तासांपर्यंत चालायचा!

लिथियमची खरी अडचण वेगळीच आहे. ती म्हातारी होते. दर चार्जिंगगणिक थोडी थोडी, आणि उन्हात किंवा गरम टीव्हीवर ठेवली तर भराभर. चार-पाच वर्षांत बटणं ठणठणीत असतात आणि बॅटरीने मान टाकलेली असते. बॅटरी बदलता येते, पण त्यासाठी स्क्रू काढून कंट्रोलर उघडावा लागतो, आणि ते काम तुमचं नाही, मोठ्यांचं किंवा दुरुस्तीवाल्याचं. बॅटरी खराब झाली म्हणून चांगली वस्तू फेकली जाऊ नये, यासाठी युरोपियन युनियनने 2023 मध्ये नियम केला. फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.

तार जोडून खेळणाऱ्यांना हसू नका. त्यांना सेल नाही, चार्जिंग नाही, ऐन वेळी दगा नाही. फक्त मधून चालत जाणाऱ्या आजीला सांभाळावं लागतं.

मला विचाराल तर माझं मत पेन्सिल सेलच्या कंट्रोलरला. त्यासाठी चांगले चार्जेबल सेल चार घ्यायचे, दोन कंट्रोलरमध्ये आणि दोन चार्जरमध्ये तयार. खेळ थांबतो तो अर्धा मिनिट. आणि म्हातारे होतात ते सेल, कंट्रोलर नाही. जुना-नवा सेल एकत्र घालू नका, आणि साधा अल्कलाइन सेल चुकूनही चार्जरला लावू नका. घरात आतल्या बॅटरीचा कंट्रोलर असेल तर तो खूप दिवस वापरायचा नसताना अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा. फुगलेला दिसला तर चार्जिंग लगेच बंद करून मोठ्यांना दाखवा.

तुमच्याकडचा कोणताही सेल किंवा बॅटरी हातात घेऊन बघा, तिच्यावर काट मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह शोधा. भारतात 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची आहे. तेव्हा संपलेले सेल रोजच्या कचऱ्यात टाकू नका. शाळेत बाईंना सांगून एक डबा ठेवून घ्या, आणि तो भरला की ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवा.