नाकातून दूध येणारे पिल्लू

रमजानच्या पहाटे सहरी आटोपत येते, तेव्हा दस्तरखानाच्या कडेला मांजर हमखास बसलेली असते. मुस्लिम घरांत तिचा हा हक्क जुना. हजरत अबू कतादा वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीपुढे तिरके धरत. सून आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी पैगंबरांचे सांगणे तिला ऐकवले: मांजर नापाक नाही, ती घरात वावरणाऱ्यांपैकीच एक. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

अशा घरात कधी एखादे पिल्लू आईला लुचते आणि दूध त्याच्या नाकातून बाहेर येते. ‘हे काही जगायचे नाही’ म्हणून ते बाजूला ठेवले जाते. बहुधा त्याची टाळू दुभंगलेली असते.

गर्भात तोंडाचे छत दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळते. ते जुळले नाही, तर तोंड आणि नाक यांच्यात फट राहते. नुसता ओठ फाटलेला असेल तर जिवाला फारसा धोका नसतो. टाळू उघडी असेल तर मात्र दूध श्वासनलिकेत उतरते आणि पिल्लू न्यूमोनियाने जाते. दोष कधी वंशातून येतो, कधी औषधातून. गजकर्णावरची ग्रिसिओफल्विनची गोळी गाभण मांजरीला दिल्यास पिल्लांची टाळू दुभंगू शकते. घरातली उरलेली गोळी मांजरीला चारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शस्त्रक्रिया होते, पण लगेच नाही. तोंडात पुरेशी जागा आणि ऊती हव्यात, म्हणून पिल्लू निदान तीन-चार महिन्यांचे व्हावे लागते. खरी परीक्षा तिथवर पोचण्याचीच. ड्रॉपरने दूध पाजणे इथे घातक. पातळ नळी तोंडातून पोटापर्यंत घालायची, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर पिल्लू हातचे जाते, म्हणून हे डॉक्टरांसमोर बसूनच शिकावे. गाईचे दूध पचत नाही. पिल्लांसाठीची दूध पावडर वापरावी. सहरीला उठणाऱ्या घराला यातली एक फेरी तरी सोपी जाते.

शस्त्रक्रियेत सर्जन फटीच्या दोन्ही बाजूंची त्वचा हाडापासून सोडवून मध्यावर आणतात आणि विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. किंवा एका बाजूचा पडदा उलटवून दुसऱ्या बाजूखाली सरकवतात; त्यात टाके फटीच्या नेमके वर येत नाहीत, म्हणून ते अधिक टिकतात. टाळूला रक्त पुरवणारी धमनी जपावी लागते. तरीही कधी टाके सुटतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा शिवावे लागते. पहिल्याच खेपेला यश मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण नंतरची त्वचा व्रणाने ताठर होते. पुढचे काही आठवडे मऊच खाणे. चावायला काही मिळू नये.

खर्चाचा प्रश्न उरतोच. जकातीचे आठ हक्कदार कुराणात ठरलेले आहेत आणि ती सारी माणसे आहेत. सदक्याला तशी अट नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस सांगताना प्रत्येक जिवाच्या सेवेला सवाब असल्याचे म्हटले आहे.

गावातल्या दवाखान्यात ही सोय नसेल, तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येते. जाताना पिल्लाच्या रोजच्या वजनाची वही सोबत न्यावी. भूल सोसेल की नाही, याचा अंदाज डॉक्टर तीवरूनही बांधतात.