प्रार्थना, पथ्य आणि राहून गेलेला निरोप

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, तर दुसऱ्या तीरावर आमची अष्टमी. हीच नदी पुढे रेवदंड्याजवळ सागरास मिळते. तेथे खाडीपलीकडे असलेले कोर्लई हे गाव पोर्तुगीज काळापासूनच्या ख्रिस्ती वस्तीसाठी आणि तिच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीसाठी ओळखले जाते. ते ज्यांचे माहेर, अशा एक आजी माझ्या दवाखान्यात येत. तक्रार एकच : झोप लागत नाही. रक्तदाब, साखर, थायरॉइड सारे तपासून झाले, औषधेही बदलली; गुण येईना. अखेरीस एके दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माणूस गेलं, ते देवाच्या हातात होतं. पण मी त्यांच्या उशाशी बसून जपमाळ नाही म्हटली हो." त्यांचे यजमान २०२० साली करोनाने गेले होते.

वाचकहो, असा राहून गेलेला निरोप आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ख्रिस्ती कुटुंबांत रुग्णाच्या उशाशी फादर येतात, तेल लावून प्रार्थना करतात, मृत्यूनंतर मिस्सा होतो, शेजारीपाजारी जमतात. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि हे सारे थांबले. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला, तर ईस्टर १२ एप्रिलला होता. चर्चची दारे बंद होती. वृद्धांनी घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर उपासना पाहिली. देवाच्या दारी जाण्यास देवाचे भय कशाला, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी मला विचारला.

या प्रश्नाचे उत्तर मला मुंबईच्या इतिहासात सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाचे आणि जांघेत गाठी आलेले रुग्ण पाहून हा प्लेग आहे, असे निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे ख्रिस्ती होते. निदानानंतर त्यांनी वस्तीची स्वच्छता आणि उंदरांचा नाश यांचा आग्रह धरला. त्याच साथीच्या काळात वांद्र्याच्या गल्ल्यांत आणि गिरगावच्या खोताची वाडीत लोकांनी क्रूस उभारले व त्यांच्यापाशी उघड्यावर प्रार्थना केली. त्यांतील कित्येक क्रूस आजही उभे आहेत. एकाच समाजाने निदान केले आणि गुडघेही टेकले. ही दोन कामे परस्परांच्या आड आली नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले. शेजाऱ्याला आजार लागू नये म्हणून घरी थांबणे, हीही त्या काळातील उपासनाच होती.

तरीही दुःख उरतेच. "माझी श्रद्धा कमी पडली म्हणून ते गेले," असे कुणी ज्येष्ठ म्हणू लागल्यास त्यांना उपदेश करू नका. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी आहेत. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही व्याकूळ होऊन, हा प्याला टळावा, अशी विनवणी केली. भय वाटणे आणि रडणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे त्यांना प्रेमाने सांगा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही सूचना. गेलेल्या माणसाचे नाव घरात टाळू नका. आठवण निघाली की शांतपणे ऐका. ज्येष्ठांची दृष्टी मंदावली असेल, तर रोज ठरावीक वेळी शेजारी बसून स्तोत्र वाचून दाखवा. जपमाळेची संथ लय श्वासालाही संथ करते. चर्चला नेणे शक्य नसेल, तर फादरांना घरी येण्याची विनंती करा. मात्र प्रार्थना करतात म्हणून रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या बंद होऊ देऊ नका. भूक मेली, वजन घटले, आवडीच्या गोष्टी सुटल्या, वर्ष उलटूनही दुःख तसेच तीव्र राहिले किंवा "आता जगून काय करू" असे शब्द वारंवार ऐकू आले, तर तो केवळ शोक समजू नका. नैराश्यही असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जीव देण्याची भाषा ऐकू आली, तर त्यांना एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आजींच्या मुलाला मी एवढेच सुचविले, की राहिलेला निरोप आता द्या. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कुटुंब दफनभूमीत गेले, मेणबत्त्या लावल्या आणि आजींनी कबरीपाशी खुर्चीवर बसून पूर्ण जपमाळ म्हटली. पुढच्या भेटीत मी झोपेविषयी विचारले. "येते थोडी थोडी," त्या म्हणाल्या, "पण आता जाग आली, तर त्यांच्याशी बोलते." गोळी मी चालूच ठेवली, मात्रा तेवढी निम्मी केली.