नाव नायकाचं, रूप राक्षसाचं : 'कामेन रायडर डेन-ओ' आणि मोमोतारोची गोष्ट

लोककथा टीव्हीवर येते तेव्हा तिचं काय होतं, हा आजचा विषय आहे. उदाहरण जपानी आहे, लहान मुलांच्या एका सुपरहिरो मालिकेचं. विषय पोरकट वाटेल, पण थोडा धीर धरा.

तुमच्यापैकी काहींनी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिला असेल. पोशाख घातलेले राक्षस, खेळण्यातल्यासारखी शहरं, शेवटी मारामारी. या प्रकाराला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात, म्हणजे 'विशेष चित्रीकरण'. त्यातलीच एक मोठी परंपरा म्हणजे शोतारो इशिनोमोरी यांची 'कामेन रायडर', म्हणजे मुखवटेवाला स्वार. ती १९७१ साली सुरू झाली. त्याच परंपरेतली 'कामेन रायडर डेन-ओ' ही मालिका २८ जानेवारी २००७ रोजी, रविवारी सकाळी आठ वाजता सुरू झाली. लेखन मुख्यतः यासुको कोबायाशी यांचं.

पहिल्या भागात र्‍योतारो नावाचा एक मुलगा भेटतो. भित्रा, किडकिडीत आणि कमालीचा कमनशिबी. त्याला रस्त्यात एक पास सापडतो आणि त्याच वेळी एक अदृश्य जीव त्याच्या अंगात शिरतो. तो अंगात आला की र्‍योतारोचे डोळे लाल होतात, केसांची एक बट लाल होते आणि हा भित्रा मुलगा गुंडांना लोळवायला लागतो. आपल्याकडच्या कुणालाही 'अंगात येणं' समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे हा भाग चटकन कळतो.

अंगात येणारे हे जीव म्हणजे 'इमाजिन'. ते भविष्यातून आलेत आणि त्यांना शरीर नाही. सुरुवातीला ते नुसत्या वाळूचे दिसतात, तेही उलटेसुलटे : धड जमिनीवर आणि पाय वर तरंगताहेत. मग त्यांना रूप मिळतं कुठून? ज्या माणसाला ते धरतात, त्याच्या मनातल्या एखाद्या गोष्टीतून. लहानपणी ऐकलेली गोष्ट मनात असते आणि तिच्यातलं जे चित्र ठसलेलं असतं, त्याच रूपात इमाजिन उभा राहतो. माझ्या दृष्टीने मालिकेतली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे.

र्‍योतारोच्या मनात असते मोमोतारोची गोष्ट. जपानमध्ये ही माहीत नसलेलं मूल सापडणं कठीण. म्हातारा-म्हातारी असतात, त्यांना मूल नसतं. नदीतून एक मोठं पीच वाहत येतं, ते कापतात तर आत मुलगा! तो मोठा होतो, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना भरडधान्याचे लाडू देऊन सोबत घेतो, ओनींच्या बेटावर जातो, त्यांना हरवतो आणि त्यांचा खजिना घरी आणतो. ओनी म्हणजे शिंगवाला राक्षस.

आता बघा. या गोष्टीतून इमाजिन तयार झाला तर तो कसा दिसायला हवा? मोमोतारोसारखा, शूर मुलासारखा. पण तो दिसतो लालभडक, दोन शिंगांचा ओनी! र्‍योतारो त्याचं नाव ठेवतो 'मोमोतारोस'. हे असलं नाव ऐकून तो भडकतो, पण नाव चिकटतं ते चिकटतंच.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे येणाऱ्या सोबत्यांचंही तेच होतं. उराशिमा तारो या कोळ्याच्या गोष्टीतून 'उरातारोस' येतो, तो कासवासारखा. डोंगरात अस्वलाशी कुस्ती खेळणाऱ्या किंतारोच्या गोष्टीतून 'किंतारोस' येतो, तो अस्वलासारखा. मियोको मात्सुतानी यांच्या १९६०च्या 'तात्सुनोको तारो'मधून 'र्‍युतारोस' येतो, तो ड्रॅगन. नाव प्रत्येक वेळी नायकाच्या नावावरून, शरीर मात्र गोष्टीतल्या दुसऱ्याच कुणाचं. शत्रू ओनीचं, जीव वाचवलेल्या कासवाचं, सवंगडी अस्वलाचं. तात्सुनोको तारोच्या गोष्टीत तर ड्रॅगन ही त्याची आईच आहे.

मात्र हत्यारं नायकांचीच राहतात. उरातारोसच्या हातात कोळ्याचा गळ, किंतारोसच्या हातात किंतारोची कुऱ्हाड. आणि मोमोतारोसच्या बळावर र्‍योतारो लढायला उभा राहतो तेव्हा त्याच्या शिरस्त्राणावर एक पीच येतं आणि मधोमध उघडतं.

म्हणजे मनात ठसतो तो नेहमी नायकच असं नाही. नायक हा गोष्टीतला सगळ्यात सपाट माणूस असतो : चांगला, शूर, आज्ञाधारक. मुलाला रात्री आठवतो तो शिंगवाला. आपण तरी वामनाच्या गोष्टीनंतर पाडव्याला 'बळीचं राज्य येवो' असंच म्हणतो ना?

पण मोमोतारोच्या बाबतीत प्रश्न नुसत्या आठवणीचा नाही. ओनी कोण हे ठरवलं कुणी, हा तिथला जुना वाद आहे. १८७१ साली फुकुझावा युकिची या विचारवंताने आपल्या मुलांसाठी काही धडे लिहिले. हेच फुकुझावा पुढे दहा हजार येनच्या नोटेवर होते. त्या धड्यांत त्यांनी मुलांना सरळ सांगितलं की खजिना ओनींचा होता, तो विनाकारण उचलून आणणारा मोमोतारो चोर ठरतो. १९२४ साली कथाकार अकुतागावा यांनी तर गोष्ट पूर्ण उलटी केली. त्यांचे ओनी एका रम्य बेटावर सुखाने राहतात आणि त्यांच्या आज्या नातवंडांना माणसांच्या भीतीदायक गोष्टी सांगतात! मोमोतारो तिथे येतो तो आक्रमक म्हणून.

हे दोघं बोलले, पण युद्धकाळात जिंकली ती दुसरी बाजू. १९४३च्या 'मोमोतारोचे समुद्री गरुड' या अॅनिमेशनपटात ओनींचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. एप्रिल १९४५ मध्ये नौदलाच्या पाठबळाने केलेला 'मोमोतारो : समुद्राचे देवसैनिक' आला. त्यात मोमोतारो सेनापती आहे, प्राणी त्याचे सैनिक आहेत आणि शरण येणारे अधिकारी इंग्रजी बोलतात. म्हणजे शेजारच्या आजीने सांगितलेली गोष्ट तीच, फक्त ओनीच्या जागी माणसं बसवली. मुलांना कुणाचा राग धरायचा ते आधीच शिकवलेलं होतं, त्यामुळे वेगळं काही समजवावं लागलं नाही. लोककथेची ताकद ती हीच, आणि तिच्यातला धोकाही हाच.

हे लक्षात ठेवून २००७च्या त्या रविवार सकाळकडे बघा. मुलं टीव्हीसमोर बसलीत आणि पडद्यावर एक ओनी त्यांचा लाडका होतोय. तो चिडका आहे, बढाईखोर आहे, मारामारीची त्याला हौस आहे. मालिका त्याला सज्जन करून टाकत नाही. पण र्‍योतारो त्याच्याशी बोलतो, अतिरेक केला तर अडवतो, माफी मागायला लावतो. ओनीला हरवून खजिना आणण्याऐवजी इथे ओनीबरोबर एका गाडीत बसून प्रवास करायचा आहे. गाडी म्हणजे खरोखरच रेल्वे, काळातून धावणारी. मालिकेच्या नावातला 'डेन' म्हणजे 'देन्शा', विजेवर चालणारी गाडी.

आता शेवटचा मुद्दा. या मालिकेत काळ टिकून राहतो तो माणसांच्या आठवणींवर. दुष्ट इमाजिन माणसाच्या आठवणीतल्या एखाद्या दिवसात शिरून भूतकाळ उद्ध्वस्त करतात. पण कुणाच्या तरी आठवणीत तो दिवस शाबूत असेल, तर मोडलेलं पुन्हा उभं राहतं. २० जानेवारी २००८च्या शेवटच्या, ४९व्या भागात इमाजिनांचं भविष्यच पुसलं जातं. हिशेबाने मोमोतारोसही नाहीसा व्हायला हवा. पण तो उरतो, कारण र्‍योतारोबरोबरच्या वर्षभराच्या त्याच्या स्वतःच्या आठवणी आता त्याच्याकडे आहेत. दुसऱ्याच्या गोष्टीतून उसनं रूप घेऊन आलेल्याला स्वतःची गोष्ट मिळाली.

जुन्या गोष्टीतल्या ओनीला हेच कधी मिळालं नव्हतं. त्याला घर होतं, खजिना होता, पण त्याची बाजू सांगणारं कुणी नव्हतं. फुकुझावांनी ती बापाच्या नात्याने मांडली, अकुतागावांनी उपरोधाने मांडली. या मालिकेने ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना कळेल अशी मांडली : उपदेश न करता, वादही न घालता, राक्षसाला नायकाचं नाव देऊन.

म्हणून मी म्हणतो, लोककथा टीव्हीवर आली की बिघडते, असं सरसकट म्हणू नये. बिघडवायची तर ती पाठ्यपुस्तकातही बिघडवता येते आणि युद्धपटातही. विचारायचं ते एवढंच : ही गोष्ट ऐकून उठताना मुलाच्या मनात राक्षसाबद्दल काय उरलं?