बाबागाडीबरोबर पाहिलेले प्राग

तान्हे मूल कडेवर आले की घरातल्या बाईचे फिरणे संपले, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. सहल लेण्यांची असो की गडाची, "तू बाळाला घेऊन खाली बस, आम्ही वर जाऊन येतो" हे वाक्य ठरलेले. बाकीचे गड पाहतात, आई पायथ्याचे झाड पाहते. परदेशात गेले म्हणून हा नियम आपोआप सुटत नाही. तो सोडवावा लागतो.

हा मजकूर आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत. नोकरीच्या निमित्ताने आमचा मुक्काम जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी आहे. तेथून चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग आगगाडीने सव्वादोन तासांच्या आसपास. आमची लेक दहा महिन्यांची. बरोबर रुग्णालयात काम करणारी एक केरळी परिचारिका, तिचा नवरा आणि नागपूरकडचा एक अविवाहित मित्र. गाडीतच ठरले की बाबागाडी ढकलणे, बाळाला अंगावर घेणे आणि बाळाजवळ खाली थांबणे या तिन्ही कामांची वाटणी सर्वांत होईल. नागपूरकराने आयुष्यात कधी लंगोट बदलला नव्हता. तीन दिवसांत तो तरबेज झाला.

प्राग दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेनसारखे बेचिराख झाले नाही. म्हणून सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या इमारती, पूल, गल्ल्या तिथे जागच्या जागी उभ्या आहेत. १९९२ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण बाबागाडीवाल्याला शहराची पहिली ओळख होते ती जमिनीची. रस्ते दगडी फरसबंदीचे. मोठ्या गोलसर दगडांना चेक भाषेत 'मांजराची डोकी' म्हणतात, आणि त्यावरून गाडी नेताना हे नाव किती नेमके आहे ते मनगटांना कळते. छोट्या चाकांची घडीची गाडी इथे उपयोगाची नाही. आम्ही बाळाच्या आजीचे मऊ सुती लुगडे बरोबर नेले होते. जिथे चाके अडली तिथे बाळ लुगड्याने छातीशी बांधले. आपले लुगडे पाहून लोक हसतील असे वाटले होते. उलट तिथल्या तरुण आयाही असेच कापड गुंडाळून मुले नेताना दिसल्या.

ट्राम मात्र मोठी सोय. नव्या ट्रामचा तळ खाली असतो, बाबागाडीसाठी ठरावीक दार असते. चढता-उतरताना कोणी ना कोणी न सांगता पुढचे चाक उचलून धरतो. भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट नाही, तेव्हा बाळवाल्यांनी ट्रामच धरावी.

जुन्या शहराच्या चौकात १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. तासाला ठोका पडला की सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. एवढ्यासाठी शेकडो माणसे माना वर करून उभी असतात आणि मिनिटभरात सारे संपते. आमच्या लेकीने त्या मिनिटात एका कबुतराकडे पाहिले. खरे सांगायचे तर घड्याळापेक्षा आम्हाला चौकातला यान हुस यांचा पुतळा मोठा वाटला. बेथलेहेम चॅपेलमध्ये १४०२ पासून हा धर्मोपदेशक सामान्य माणसाच्या चेक भाषेत बोलत असे. चर्चमधल्या भ्रष्टाचारावर बोलला, म्हणून ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळले. पाचशे वर्षांनी, १९१५ साली, लोकांनी हे स्मारक उभे केले. त्या शिल्पात हुसच्या जवळ मूल घेतलेली एक तरुण आई आहे. राष्ट्राच्या पुनर्जन्माची ती खूण.

चार्ल्स पूल दिवसा गर्दीने फुलून जातो. बाळ पहाटे पाचला उठते याचा इथे फायदा झाला. सहाला पुलावर पोचलो तेव्हा तिथे मोजकी माणसे होती. चौथ्या कार्ल राजाने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. लांबी सुमारे ५१६ मीटर, कमानी १६, दोन्ही बाजूंना ३० पुतळे. १८४१ पर्यंत व्हल्टावा नदीवर प्रागमध्ये हा एकच पूल होता. एक वृद्ध बाई थांबली, बाळाकडे बोट दाखवून स्वतःच्या डोक्याला हात लावला. टोपी घाला, असे तिचे म्हणणे. आजी सगळीकडच्या सारख्याच.

दुसऱ्या दिवशी योसेफोव्ह. ही ज्यूंची जुनी वस्ती. शतकानुशतके ज्यूंना शहरात इतरत्र राहायला बंदी होती. गावकुसाबाहेरचे जिणे काय असते हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. फरक एवढाच की यांचे कूस शहराच्या पोटात होते. जगताना जागा मिळाली नाही तशी मेल्यावरही नाही. दफनभूमी वाढवता येईना, म्हणून जुन्या थडग्यांवर माती घालून नवे थर चढवले, काही ठिकाणी बारापर्यंत. आज तिथे १२ हजारांच्या आसपास शिळा एकमेकींवर रेलून उभ्या आहेत. सर्वांत जुनी १४३९ सालची.

शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मतारीख, शेवटची कळलेली तारीख. ही नावे प्रथम १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये ओलीचे कारण सांगून इमारत बंद झाली आणि पुढे नावे नाहीशी झाली. राजवट बदलल्यावर, १९९२ ते १९९६ या काळात, ती सगळी पुन्हा लिहून काढली. जन्मसाल पाहत गेले की अगदी लहान लेकरे सापडतात. केरळी मैत्रीण एका ओळीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि काही न बोलता पुढे गेली.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रे आहेत. प्रागच्या उत्तरेला तेरेझिन येथे नाझींनी ज्यूंना कोंडले होते. तिथे फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस ही चित्रकार बाई चोरून मुलांना चित्रकला शिकवीत असे. कागद मिळेल तो, रंग मिळेल तो. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला ऑशविट्झला नेऊन मारले. जाण्याआधी तिने मुलांची चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली, त्यांतली बहुतेक मुले वाचली नाहीत. घर, फुले, फुलपाखरू, जेवणाचे टेबल. चित्रे कुठल्याही शाळेतल्या मुलांसारखी आहेत, आणि त्यामुळेच ती पाहवत नाहीत. लुगड्यात बांधलेले बाळ झोपले होते. आईने दालन पुरे पाहिले, कारण तिला कोणी "चल आता" म्हटले नाही.

वाटेत एका चर्चमध्ये प्रागचा प्रसिद्ध बाळ येशू पाहिला. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गेलेल्यांना ही मूर्ती ओळखीची वाटेल, ती याच मूर्तीवरून आली. मेणाचा थर दिलेली मूर्ती, जेमतेम ४७ सेंटिमीटर, स्पेनमधून आणलेली, १६२८ साली चर्चला भेट दिलेली. तिला सणावारी बदलायचे ठेवणीतले कपडे पुष्कळ आहेत. आमच्या बाळाकडे त्या वेळी एकच कोरडा फ्रॉक उरला होता.

प्रागचा किल्ला टेकडीवर आहे. २२ नंबरची ट्राम वरपर्यंत जाते, त्यामुळे पायऱ्या टळतात. अंगणात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे. सेंट व्हाइटस कॅथेड्रलचे बांधकाम १३४४ ला सुरू झाले आणि १९२९ ला संपले. त्याच्या दक्षिण मनोऱ्याला २८७ पायऱ्या, लिफ्ट नाही. इथे खरी कसोटी होती. बाबा आणि नागपूरकर बाळाला घेऊन बाकावर बसले, आई आणि मैत्रीण वर गेल्या. खाली बाळाने रडून अंगण डोक्यावर घेतले. बाबांनी गाणी म्हटली, नागपूरकराने माकडउड्या मारल्या, शेवटी 'रोहलिक' कामी आला. हा चेक लोकांचा लांबुळका मऊ पाव, बाबागाडीतल्या प्रत्येक मुलाच्या मुठीत असतो. वर गेलेल्यांना यातले काही ऐकू आले नाही. त्यांनी लाल कौलांचे सबंध शहर आणि पुलांखालून वळणारी नदी पाहिली, सावकाश पाहिली. खाली आल्यावर बाबा वर गेले.

मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. रोज रात्री मुगाची खिचडी, बाळाला तीच कुस्करून. नदीकाठी 'त्र्देल्निक' नावाचे गोड वेटोळे सर्वत्र जुना प्रागी पदार्थ म्हणून विकतात. तो तिथला जुना नाही आणि महागही आहे. एकच घेऊन सर्वांनी चाखावा.

शेवटची दुपार काम्पा बेटावर गेली. पुलाच्या खालीच हे बाग असलेले बेट आहे. तिथल्या संग्रहालयाजवळ दावीद चेर्नी या शिल्पकाराची तीन अवाढव्य काशाची बाळे रांगताना दिसतात. त्यांना चेहरे नाहीत, चेहऱ्याच्या जागी खाचा आहेत. अशीच दहा बाळे २१६ मीटर उंचीच्या दूरदर्शन मनोऱ्यावर चढताना दाखवली आहेत. मोठ्यांना ती विचित्र वाटतात. गवतावर सोडल्याबरोबर आमची लेक रांगत थेट त्यांतल्या एकाच्या हातापाशी गेली, दोन थापा मारल्या आणि त्या हाताला धरून उभी राहिली. आधाराने का होईना, ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. पाचही जण तिथे होतो.