खपल्यांवरची शाई, तळ्यातली अक्षरं

जुनं लेखन म्हणजे राजानं छिन्नीनं कोरून घेतलेला शिलालेख, असं आपण धरून चालतो. छत्तीसगडमधल्या अभनपूरहून जवळच्या राजीमला गेलं, की राजीवलोचन मंदिरातला ११४५ सालचा जगपाल या सरदाराचा कोरीव लेख हा समज पक्काच करतो. पण कोरलेलं तेवढंच लिहिलं गेलं, असं नाही.

इजिप्तमध्ये देर अल-मदिना या वस्तीत राजांची थडगी खोदणारे कारागीर राहत. चुनखडीच्या खपल्या आणि फुटक्या मडक्यांची खापरं हीच त्यांची वही. लव्हाळ्याची लेखणी, काजळी नि डिंकाची शाई. अशा लिहिलेल्या खपल्या-खापरांनाच ऑस्ट्राका म्हणतात. त्यांवर चित्रलिपी असते, हाही गैरसमजच. बहुतेक मजकूर हायरॅटिकमध्ये, म्हणजे भरभर लिहायच्या वळणात आहे. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती, तसंच काहीसं.

आणि ही पोरांची पाटी नव्हती फक्त. ब्रिटिश म्युझियममध्ये दुसऱ्या रामसेस राजाच्या राजवटीच्या ४० व्या वर्षाची एक खपली आहे: सुमारे ४० कामगारांचा गैरहजेरीपट. तारखा काळ्या शाईत, वर तांबड्या शाईत कारणं. एकाला विंचू चावला, एकाचे डोळे दुखत होते, कुणी बिअर काढत होता, कुणी आईचं शव गुंडाळत होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घराचं दुःख मला कुठल्याही पिरॅमिडपेक्षा जवळचं वाटतं.

कोरड्यात टिकतं, पाण्यात नासतं, हे इजिप्तपुरतं ठीक. छत्तीसगडमध्ये उलटं घडलं. १९२१ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी गावचं हिराबांध तळं आटलं आणि गाळात लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीतला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा प्राकृत लेख होता. गाळाखाली हवा पोचत नाही, म्हणून बुरशी नि कीड लागली नव्हती. बाहेर काढल्यावर उन्हानं लाकूड आकसलं आणि अक्षरांसकट ढलपे गळू लागले.

पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी त्याआधी अक्षर न् अक्षर पाहून कागदावर उतरवून घेतलं होतं. त्यात अधिकाऱ्यांची यादी निघाली: नगररक्षक, सेनापती, कोठारावरचा भांडागारिक, मुदपाकखान्याचा महानसिक, पत्रं नेणारासुद्धा. खांब आज रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. त्यावर मोजकीच अक्षरं उरलीत. लेख वाचायचा तर त्या नकलेवरूनच.