मयूर भिंगोरी: दोन ऋतू, दोन पेहराव

आजचा एपिसोड माझ्या फोनमधल्या दोन फोटोंवर आहे.

पहिला फोटो जुलैतला, भाताच्या बांधावरचा. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू. कडा गोलसर, रंग फिकट तपकिरी, आणि त्यावर डोळ्यांसारखे ठिपके. दुसरा फोटो जानेवारीतला, त्याच बांधावरचा. यात तर मला आधी फुलपाखरू दिसलंच नाही, दिसलं ते वाळकं पान! पुढच्या पंखाचं टोक वाकडं, मागच्या पंखाला देठासारखी शेपटी, मधोमध पानाच्या शिरेसारखी रेघ. डोळे गायब. मी दोन्ही फोटो वेगळ्या जाती समजून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते.

पण हे दोन्ही एकच: मयूर भिंगोरी. पंख उघडले की ओळख पटते. नारिंगी रंग आणि मागच्या पंखावर मोरपिसातल्यासारखा मोठा डोळा. वरची बाजू दोन्ही ऋतूंत जवळपास सारखीच असते. बदलते ती खालची बाजू आणि पंखांचा आकार.

माझी चूक झाली म्हणून फार वाईट वाटून घेतलं नाही, कारण खुद्द कार्ल लिनियसचीही तीच झाली होती. १७५८ मध्ये त्याने या दोन रूपांना आल्माना आणि ॲस्टेरी अशी दोन नावं दिली, दोन जाती म्हणून. स्वीडनमध्ये बसून, मेलेले नमुने बघून, ऋतू कसा कळणार?

आता मुद्दा असा, की हे रूप बदलायचं कशाला?

पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार. तिथे वाळकं पान बनून काय उपयोग? शिवाय फुलपाखराला सतत उडायचं असतं, जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालायची असतात. तेव्हा कामी येतात कडेचे डोळे. शिकारी डोळ्यावर झडप घालतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. आफ्रिकेतल्या बायसायक्लस नावाच्या फुलपाखरावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे दिसलं. कोरड्या ऋतूतल्या रूपावर मोठे डोळे लावले, तर प्रार्थना कीटकासमोर ती फुलपाखरं जास्त टिकली.

कोरड्या दिवसांत उलटं. गवत वाळलेलं, सुरवंटांना पाला कमी. अशा वेळी शहाणपण एकच: गप्प बसा, पान व्हा, पक्ष्यांच्या नजरेतून सुटा.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ऐका. फुलपाखरू एकदा कोषातून बाहेर आलं, की त्याला कपडे बदलता येत नाहीत. जनुकं तीच, पण कोणता पेहराव शिवायचा हे आधीच ठरतं, सुरवंट आणि कोष असताना. बायसायक्लसमध्ये हे नीट उलगडलंय: सुरवंटाला आणि कोषाला मिळालेल्या उबेनुसार एकडायसोन या हार्मोनचं गणित बदलतं. उबेत मोठे डोळे, गारव्यात बारीक.

म्हणजे हा हवामानाचा अंदाजच झाला की! आपण छत्री घ्यायची की नाही ते सकाळी ठरवतो आणि चुकलो तर भिजतो. फुलपाखरू मात्र काही आठवडे आधी ठरवतं, आणि चुकलं तर जिवाशी गाठ.

म्हणूनच मला काळजी वाटते. हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या जुळून आलेल्या ऋतुचक्रावर बेतलेला आहे. हिवाळा उबदार होत गेला, अवकाळी पाऊस वाढला, तर खुणा एक सांगतील आणि बाहेर भलतंच असेल. वाळक्या गवतात डोळे मिरवणारं फुलपाखरू किंवा हिरव्या बांधावर एकटंच वाळकं पान, दोघंही उठून दिसणार.

तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी भिंगोरी दिसली, की फक्त उघड्या पंखांचा सुंदर फोटो काढून निघू नका. थोडं थांबा, तिला पंख मिटू द्या, खालच्या बाजूचाही फोटो घ्या, आणि तारीख व जागा लिहून ठेवा. दहा वर्षांनी कोणीतरी विचारेल, डोळे कधी गेले आणि पान कधी आलं? उत्तर तुमच्या फोनमध्ये असेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!