आठ खात्यांचा हट्ट

मुलाला किंवा मुलीला बँकेत नोकरी लागली की घरात मिठाई येते. पंख्याखाली बसून काम, वेळेवर पगार, चार लोकांत मान. पण त्या खुर्चीवर बसून दिवसभर काय ऐकून घ्यावं लागतं, ते मुलं घरी सहसा सांगत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेची ही हकिकत.

बँक जुनी, १८५२ सालची. प्रत्येक ग्राहकाच्या घरात आपली आठ खाती-कार्डं असावीत, असा तिच्या वरिष्ठांचा हट्ट होता. आठच का? बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी २०१० च्या वार्षिक अहवालात स्वतःच कारण दिलं: इंग्रजीत 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं! एका यमकापायी हजारो लोकांची झोप उडाली.

२०१३ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने शाखांमधल्या कर्मचाऱ्यांना बोलतं केलं. दिवसातून अनेकदा आकडा विचारला जाई. तो कमी भरला तर उशिरापर्यंत थांबा, सुट्टीच्या दिवशी या, नाहीतर नोकरी जाईल ही धमकी. मग कुणी भाऊ-बहिणींच्या नावे खाती उघडली, कुणी मित्रांपुढे हात जोडले, कुणी ग्राहकाला न विचारताच कागद रंगवले. एका बेघर बाईच्या गळ्यात सहा खाती मारली गेली, महिन्याला ३९ डॉलर शुल्काची. हे सांगणारी व्यक्ती त्याच बँकेत शाखा व्यवस्थापक होती.

(आपल्याकडेही बँकेतला भाचा मार्च महिन्यात खालाकडे विम्याचा फॉर्म घेऊन येतो, तेव्हा त्याच्या शाखेत काय चाललंय, हे एकदा त्याच्याजवळ बसून विचारावं.)

सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या पाच वर्षांत ५,३०० कर्मचारी काढून टाकले होते, हेही तेव्हा उघड झालं. खोटी सही करणारा निर्दोष नसतोच. पण पाच हजार माणसं एकाच प्रकारची चूक करतात, तेव्हा बोट हुकूम देणाऱ्याकडे वळायला हवं. स्टम्फ यांनी सिनेटपुढे माफी मागितली, मात्र हा ठरवून केलेला प्रकार नव्हता, असंच ते म्हणत राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. संशयास्पद खात्यांचा आकडा नंतर ३५ लाखांपर्यंत गेला. २०२० मध्ये बँकेने ३०० कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली आणि स्टम्फ यांना पावणेदोन कोटी डॉलर दंडासह बँकिंगमधून कायमचं बाहेर काढण्यात आलं.

ज्यांनी गैरप्रकार वर कळवले, त्यांचं काय झालं? लॉस एंजेलिस भागातल्या एका व्यवस्थापकाने आपल्या हाताखालच्या दोघांच्या संशयास्पद व्यवहारांची तक्रार केली होती. २०१० मध्ये त्याचीच नोकरी गेली. त्यानंतर बँकिंगमध्ये त्याला कुठेच काम मिळेना. सरकारच्या कामगार खात्याने २०१७ मध्ये आदेश काढला: त्याला परत कामावर घ्या आणि भरपाई म्हणून सुमारे ५४ लाख डॉलर द्या. बँकेने तो आदेश आपल्याला मान्य नसल्याचं सांगितलं.